खिडक्यांना फळ्या, अंगणात बर्फ

११ जानेवारी, शनिवार

ही वही माझ्या नवऱ्याच्या, एनॉसच्या, बोटीवरची. पुढची पानं त्याच्या अक्षरात भरली आहेत: वारा कुठून, पाणी किती, कोळंबी लागली की नाही. मागची कोरी राहिली, कारण चार वर्षांपूर्वी तो गेला आणि बोटही विकली. आज मार्लाने ह्यूस्टनहून फोनवर विचारलं, की ममा, तू दिवसभर एकटी करतेस तरी काय. म्हटलं, लिहूनच ठेवू. लेकीला पुढच्या वेळी वाचून दाखवीन.

तर आज: सकाळी कपडे धुतले, दुपारी किंग केक. मार्डी ग्राचा सण येईपर्यंत दर शनिवारी तो माझ्याकडेच कापतात, कारण माझं टेबल मोठं. केकमध्ये प्लास्टिकचं बोटभर बाळ दडवलेलं असतं, आणि ज्याच्या तुकड्यात ते येईल त्याने पुढच्या शनिवारचा केक आणायचा. बाळ आजही शेजारच्या क्लोव्हिसलाच आलं. गेल्या वर्षी तर सगळेच्या सगळे शनिवार त्यालाच. एवढा फुटक्या नशिबाचा माणूस मी पाहिलेला नाही. समोरच्या व्हर्ली पित्रने माझ्याकडे रोखून बघत विचारलं, ‘ओदाली, तुला खरंच काही वाटत नाही का गं?’ मी म्हटलं, वाटतं ना, बिचाऱ्याला दर आठवड्याला बेकरीपर्यंत गाडी हाणावी लागते. तिने कपाळाला हात लावला.

१६ जानेवारी, गुरुवार

घात झाला. नाताळात मी मार्लाला शब्द देऊन बसले आहे, की पुढच्या वादळात या घराचं काही मोडलं, अगदी एक काच जरी फुटली, तरी मी मुकाट्याने ह्यूस्टनला येऊन राहीन. मागच्या वादळात अर्धं छप्पर गेलं तेव्हा सात आठवडे तिच्याकडे काढले होते. तिच्या सोसायटीत खिडकी उघडली की दुसऱ्याची खिडकी दिसते. पण शब्द देताना मी मनात हिशेब केला होता: वादळांचा हंगाम जूनमध्ये सुरू होतो, पाच महिने तरी निवांत. आणि आज टीव्हीवरचा हवामानवाला सांगतोय, की मंगळवारी आपल्याकडे हिमवादळ. इथे, बायूवर, समुद्राकडे सरकणाऱ्या या संथ पाण्याच्या काठी, जिथे नाताळातसुद्धा डास चावतात.

लगेच मार्लाचा फोन. मी म्हटलं, हे मोजायचं नाही, हे वादळ वेगळं. ती म्हणाली, वादळ ते वादळ, ममा. तिने खोली रंगवूनसुद्धा ठेवली आहे. पिवळी.

मी बहात्तर वर्षांची आहे आणि अकरा मोठी वादळं पाहिली आहेत. बाराव्याने माझं काय वाकडं होणार?

१७ जानेवारी

गल्लीतल्या सगळ्यांना जिन्याखाली जमवलं आणि कामं वाटून दिली. मला असं करायला फार आवडतं, हे इथे कबूल करायला हरकत नाही. आमचं सगळं ठरलेलं असतं: खिडक्यांना प्लायच्या फळ्या, न्हाणीचा टब पाण्याने भरायचा, वीज जाणार म्हणून फ्रीजरमधलं सगळं शिजवून टाकायचं, आणि गाड्या उंचावर, म्हणजे मोठ्या पुलाच्या चढावर, नेऊन लावायच्या. फळ्यांवर एनॉसने कधीच नंबर टाकून ठेवले आहेत. कोणी काही विचारलं नाही. क्लोव्हिस तेवढा मान खाजवत उभा होता. सगळे गेल्यावर म्हणाला, ‘ओदाली, बर्फ काय पुरासारखा चढत येतो का गं?’ मी म्हटलं, तू कधी बघितलायस का? तो म्हणाला, नाही. मग गप्प बस.

१८ जानेवारी, शनिवार

केक. बाळ क्लोव्हिसला. जाऊ दे.

पित्र जोडपं उद्या पहाटे उत्तरेला निघतंय, पाच तासांवर, व्हर्लीच्या बहिणीकडे. वादळ आलं की ते दर वेळी तिकडेच जातात. क्लोव्हिस म्हणाला, की अरे, थंडी उत्तरेकडूनच येतेय, तुम्ही तिला भेटायला चाललात का. व्हर्लीचा नवरा रागावला. आमच्याकडे दक्षिणेला पळायची सोय नाही, तिकडे समुद्र आहे.

केक खाऊन झाल्यावर क्लोव्हिस खाली गेला आणि बराच वेळ वर आला नाही. बघते तर माझ्या घराखाली मान वर करून उभा. एनॉसने पुरानंतर घर बारा फूट उचलून खांबांवर घेतलं. त्याचा मला अभिमान आहे, पाणी तेव्हापासून पायऱ्यांच्या वर आलेलं नाही. पण पाण्याच्या सगळ्या नळ्या त्यामुळे घराच्या पोटाखाली उघड्यावर लोंबतात. क्लोव्हिस म्हणाला, ‘खिडक्यांना काही होत नाही. तुझ्या नळ्या जातील.’ इतकी वर्षं आम्ही खालून येणाऱ्या पाण्याशी भांडतोय. नळीतल्या पाण्याचा कोणी विचारच केला नव्हता.

रात्री माझ्यातली हवाच निघून गेल्यासारखं झालं. ती पिवळी खोली डोळ्यांसमोरून हलेना.

१९ जानेवारी, रविवार

नळ्यांना गुंडाळायचा फोम तीन दुकानांत संपलेला. मग क्लोव्हिस त्याच्या बोटीवरची जुनी लाइफ जॅकेटं घेऊन आला, दोन पोती भरून. फाडायची, आतला फोम नळीभोवती धरायचा, वरून कोळंबीच्या जाळ्याने आवळायचं. जाळं बांधायला आम्हाला कोणी शिकवायला नको. चर्चहून आल्यापासून अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं खाली होतो. तो शिडीवर, मी फोम धरून. त्याचे गुडघे वाजत होते आणि माझी जीभ चालू होती.

शेवटी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात हातभर नळी उरली आणि जॅकेटं संपली. क्लोव्हिसने वर, माझ्या दाराशी खिळ्यावर टांगलेल्या जॅकेटकडे पाहिलं. ते एनॉसचं. मी म्हटलं, त्याला हात लावायचा नाही. जरा जोरातच म्हटलं. तो ‘बरं’ म्हणाला आणि तेवढ्या भागाला नुसतं जाळंच चार पदरी गुंडाळलं.

मी विचारलं, तुझ्या घराचं काय? म्हणाला, बघू उद्या. त्याच्या घराचं काही अडणार नाही म्हणा, त्याच्या नळ्यांवर रंगाचेच इतके थर आहेत. बोटीचा हिरवा रंग उरला की हा माणूस तो दिसेल त्याला फासतो: जिना, टपालपेटी, नळ्या. कुत्रा होता तेव्हा कुत्राही भीत असे.

२० जानेवारी, सोमवार

आमच्याकडे दर सोमवारी राजमा असतो, पण आज टाकला नाही, भिजवलेला तसाच राहिला, कारण फ्रीजर रिकामा करायचा होता. जिन्याखाली मोठ्या शेगडीवर कढई चढवली आणि बदक, खेकडे, कोळंबी, भेंडी, सगळं एका गंबोत, म्हणजे आमच्या दाट रश्श्यात, घातलं. पीठ तेलात परततानाच गल्ली गोळा झाली. वाडगे घेऊन माणसं येत होती, नाकं लाल झालेली. एकवीस जण जेवले.

दुपारी फळ्या ठोकल्या. मग गाड्यांची वरात पुलाच्या चढावर नेऊन लावली. मी सर्वांत पुढे. परत पायी येताना वारा असा बोचत होता, की मी एनॉसचे दोन स्वेटर घालूनही शिव्या दिल्या. क्लोव्हिसने त्याची टोपी मला दिली आणि स्वतःचे कान हातांनी धरून चालला.

आता सगळी तयारी झाली. काही राहिलेलं नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळपासून दिवा लावून बसले होते, फळ्यांमुळे आत मिट्ट काळोख. वादळ यायची वाट बघत होते. वादळाला आवाज असतो. आधी तारा शिट्ट्या मारतात, मग छप्पर बडबडायला लागतं, घर खांबांवर हलतं. आज काहीच नाही. नऊ वाजले, दहा वाजले. म्हटलं, चुकला हवामानवाला, सुटले मी.

तेवढ्यात क्लोव्हिसने दार वाजवलं. म्हणाला, ‘अगं, आत काय बसलीस? बाहेर ये की.’

दार उघडलं. बायू, बोटी, पायऱ्या, व्हर्लीच्या अंगणातली मेरीची मूर्ती, सगळं पांढरं, वीतभर. आणि अजून पडतच होता, मुळीच आवाज न करता. आयुष्यात एकदाच येणारा बर्फ, आणि मी तीन तास तो येण्याची वाट बघत फळ्यांमागे बसले होते! आम्ही दोघं पायऱ्यांवर उभे राहून इतके हसलो, की मला रेलिंग धरावं लागलं. मग लहान पोरांसारखं खाली गेलो. बदकं बर्फावरून घसरत होती. क्लोव्हिस पालथा पडला आणि उठायच्या आधी म्हणाला, की पडूनच बघतो जरा. खरं सांगायचं तर इतकी मजा मला चार वर्षांत आली नव्हती.

वीज गेलीच नाही. मार्लाला फोनवर गंबोचं सांगितलं तर ती हसून हसून खोकायला लागली. ‘ममा, अख्खा गाव फ्रीजर झालाय. डबे व्हरांड्यात ठेवले असते तरी चाललं असतं.’ हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? रिकाम्या फ्रीजरमध्ये व्हर्लीसाठी बर्फाचे गोळे भरून ठेवले. त्या बाईच्या बहिणीकडे बर्फाचा कणही पडला नाही म्हणे. नुसती थंडी.

२२ जानेवारी, बुधवार

पहाटे पायाखालून ठकठक ऐकू आली. खिडकीतून दिसेना (फळ्या). जमिनीवर पाय आपटून ओरडले, कोण आहे? खालून क्लोव्हिसचा आवाज: ‘मीच. खांबांवरचा बर्फ झाडतोय. तू झोप.’ या माणसाला झोप म्हणून नाही. नळाला तासभर पाणी नव्हतं, मग आलं. गावाचं पाणीच कमी दाबाने येत असणार.

नऊच्या सुमारास तो बादली घेऊन दारात. हात कोपरापर्यंत ओले, ओठ निळे. म्हणाला, त्याच्या घरी पाणी नाही, नळीचं काम निघालंय, थोडे दिवस माझ्याकडून नेईल. मी चांगलंच झापलं त्याला. म्हटलं, माझ्या घराखाली दिवसभर शिडीवर चढून बसलास, तेव्हा स्वतःच्या नळ्या गुंडाळायला काय झालं होतं? मूर्ख कुठला. तो हसला नुसता आणि दोन वाडगे गंबो खाल्ला. मी त्याचे हात शेगडीशी धरून शेकवले, नाहीतर वाडगाही सांडला असता.

२३ जानेवारी

बर्फ वितळतोय. पोलीस आला होता, पायी, बूट भिजलेले. पूल सगळ्यात आधी गोठतो आणि सगळ्यात शेवटी सुटतो म्हणे, हे जगात सगळ्यांना ठाऊक आहे, तर मग तीन दिवसांपासून त्या चढावर एकोणीस गाड्या लावून ठेवायची अक्कल कोणाची? एकोणीस माणसं आपापल्या बुटांकडे बघायला लागली. मीही बघितलं.

घराखाली फिरून सगळी तपासणी केली. एकही नळी फुटलेली नाही! स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, जिथे नुसतं जाळं होतं, तिथे नळीला हिरवं शेवाळ धरल्यासारखं दिसतंय. ऊन आलं की घासायला हवं.

मार्लाला कळवलं: काही मोडलेलं नाही, रंगवलेल्या खोलीत आता शिवणयंत्र ठेव. ती ‘बरं झालं, ममा’ म्हणाली. आवाज मात्र बरं झाल्यासारखा नव्हता. मी जिंकले, तर तिला एवढं वाईट का वाटावं?

२५ जानेवारी, शनिवार

हे नीट लिहायला हवं.

पूल बंद म्हणून बेकरी बंद. केकची पाळी क्लोव्हिसची, पण बिचाऱ्याकडे पाणी नाही, म्हणून मीच भाजला. घरात प्लास्टिकचं बाळ नव्हतं. मग माझी आजी करायची तसा राजम्याचा एक दाणा आत घातला. हे त्याला सांगायचं राहून गेलं.

आम्ही दोघंच होतो. मी दोन तुकडे कापले. दुसऱ्याच घासाला दाणा माझ्या दाढेखाली आला. बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात क्लोव्हिसने त्याच्या ताटलीतून गुलाबी प्लास्टिकचं बाळ उचललं, चाटून स्वच्छ केलं आणि उसासा टाकून म्हणाला, ‘घ्या. परत मीच. म्हणजे पुढच्या शनिवारी मला यावंच लागणार.’

मी त्या बाळाकडे बघत राहिले. गेल्या वर्षीचे सगळे शनिवार. त्याआधीचेही. व्हर्लीने कपाळाला लावलेला हात.

दाणा मी गिळून टाकला आणि म्हटलं, ‘तुझं नशीबच फुटकं.’

तो गेल्यावर हाताशी काहीतरी काम हवं होतं, म्हणून घासणी घेऊन खाली गेले. शेवाळ घासलं. निघेना. ते शेवाळ नव्हतं. बोटीचा हिरवा रंग होता. हातभर नळी, दोन्ही टोकांना नवे सांधे. तिथून चालत त्याच्या घराखाली गेले. त्याच्या स्वयंपाकघराखालची तेवढीच नळी गायब होती, आणि माझी, लांबच लांब चीर गेलेली, त्याच्या जिन्यामागे ठेवलेली होती.

मी एनॉसचं जॅकेट जपलं आणि त्याची किंमत हा माणूस चार दिवस बादल्या वाहून देतोय. आणि मूर्ख म्हणाले त्याला.

बराच वेळ पायऱ्यांवर बसून रडले. दुःखाचं नव्हतं ते.

२६ जानेवारी, रविवार

शब्द तो शब्द. मार्लाला फोन केला.

‘मी तुला चुकीचं सांगितलं,’ मी म्हटलं. ‘नळी फुटली होती. क्लोव्हिसने स्वतःच्या घराची काढून मला लावली, मी अंथरुणातून उठायच्या आत. आणि मला कळू दिलं नाही.’

मी म्हटलं, सामान बांधायला पंधरा दिवस दे.

‘ममा,’ ती म्हणाली, ‘मला नळ्यांची काळजी कधीच नव्हती गं. तिथे काही झालं तर तुझ्याकडे बघायला कोणी नाही, एवढीच होती.’

‘मग शब्दाचं काय?’

‘कुठला शब्द? वादळांचा हंगाम जूनमध्ये सुरू होतो.’

दुपारी पूल उघडला. नवी नळी आणली आणि क्लोव्हिसच्या हातात दिली. तो जो लाल झाला, तो थंडीने नव्हे. त्याने विचारलं, तुझी बदलू का. मी म्हटलं, नाही, ही तुझ्याकडे लाव, हिरवी माझ्याकडेच राहू दे. मग खिळ्यावरून एनॉसचं जॅकेट काढलं आणि त्या नळीभोवती बांधलं. फाडलं नाही, नुसतं बांधलं, पट्टे आवळून. क्लोव्हिसने शिडी धरली होती. एनॉसला हे आवडलं असतं. त्याला फुटलेली नळी आणि उगाच टांगलेली वस्तू दोन्ही खपत नसत.

१ फेब्रुवारी, शनिवार

पित्र मंडळी परतली. व्हर्लीला फ्रीजरमधले बर्फाचे गोळे दिले तर ती एक हातात घेऊन खुर्चीवर बसून राहिली, वितळून कोपरापर्यंत ओघळ आले तरी. नवऱ्याशी अजून बोलत नाही.

केक क्लोव्हिसने आणला, बेकरीचा. मी कापला. सगळे खायला लागले आणि क्लोव्हिस ताटलीत बोट घालून म्हणाला, ‘परत मीच की.’

‘नाही,’ मी म्हटलं, ‘मला आलंय.’ आणि एप्रनच्या खिशातलं बाळ टेबलावर ठेवलं. काल दुकानातून आणलं होतं, निळं.

त्याने माझ्या बाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. इतका वेळ कोणी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं, निदान माझ्या लक्षात आलं नव्हतं. टेबलाच्या त्या टोकाला व्हर्लीच्या नवऱ्याने खोकून तोंडातून तिसरं बाळ काढलं आणि विचारलं, की बेकरीवाल्यांना झालंय तरी काय. व्हर्ली आठवड्याभरात पहिल्यांदा हसली, आणि थांबेचना.

पुढच्या शनिवारी केक कोणी आणायचा यावर क्लोव्हिस आणि मी दिवे लागेपर्यंत पायऱ्यांवर बसून भांडलो. ठरलं काहीच नाही. उद्या पुन्हा बसायचं आहे.